दोन्ही टोकांना गाठ

गंगाखेडला बचत गटाच्या बायांसाठी
फोनवर नोटीस लिहायची सोय करून दिली मी.
वरच्या पट्टीत अकरा बटणं.
तीन महिने झाले, एकही दाबलं गेलं नाही.
द्रुपदाबाई फड म्हणाल्या,
"बोट लागलं अन् समदं उडालं तर?
आमचं आपलं साधंच बरं."

साधं म्हणजे सलग.
बैठक, तारीख, हप्ता, कुणाचं बारसं,
सगळं एकाच उंचीचं
तुरीच्या रानासारखं, आत शिरायला पायवाट नाही.

तेव्हा आठवले रऊफ पेंटर,
बसस्टँडसमोर शटरांवर अक्षरं काढायचे.
ब्रश बदलताना बोलायचे:
रस्त्यापलीकडून वाचायचं ते जाड,
जवळ येऊन वाचतील ते बारीक,
सगळंच जाड केलं
तर मालकाचा रंग गेला अन् माझा हात.

अकराही बटणं काढून टाकली.
म्हटलं, बाई, शब्दाच्या आधी एक चांदणी,
शब्दाच्या नंतर एक. बस.
चष्मा पुसून त्यांनी पुन्हा बघितलं.
"म्हंजे वाकळीचा टाका.
इकडं गाठ, तिकडं गाठ.
शेवटची इसरली की उसवतंय."

माझ्या चार पानी माहितीपत्रकात
हे नव्हतं.

पहिल्या दिवशी सगळंच ठळक, नमस्कारसुद्धा.
दुसऱ्या आठवड्यात फक्त सोमवार.
एकोणीस जणी वेळेवर आल्या.
विसावीला वाचता येत नाही,
तिला नातू म्हणाला, आज्जे, जाड शब्द आलाय, जा.

खोडायची रेघ दाखवली तर म्हणाल्या,
"कामून? चुकलं तर पुसता येतंय की."
आणि पंधरा दिवसांनी यादीत
सुलोचनाच्या शिलाई मशीनचे सात हजार
रेघेखाली, तरी वाचता येणारे.
"फेडलेत तिनं.
पुसले असते तर घेतलेच नव्हते असं झालं असतं."

काल एक नाव तिरपं.
सत्यभामा घुगे.
चुकून झालं का, मी विचारलं.
"चुकून कशाला?
भांडून माहेराला गेलीय.
हप्ता धाडलाय तिनं, भावाच्या हातून.
कलली हाय जरा, पडली न्हाई.
आली की करते सरळ,
दोन खुणा काढायला
कितीक येळ लागतोय."