वाळू दे

अंबाडी धरणाच्या भिंतीवर बसून
कागदाला चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली,
वरून ओला स्पंज फिरवला.
बावीस वर्षं पाट्या रंगवल्या मी कन्नडात:
दवाखान्याच्या वेळा, ट्रॉलीमागची नावं,
शटरभर खताची जाहिरात.
ऑइलपेंटात चूक झाली की वरून दुसरा हात मारायचा,
चूक आतल्या आत गपगुमान मरते.
इथं तसं नाही.
इथं खालचं सगळं दिसत राहतं.

नजमुद्दीनसर म्हणायचे, लांबचा डोंगर आधी.
ज्याच्याशी आपलं देणंघेणं नाही, तो आधी.
नुसतं पाणी, त्यात निळ्याची शंका.
मग हात मागे.
वाळू दे. घाई नक्को.
फुंकतो काय, चहा आहे का तो?

वाळेस्तोवर बघत बसलो.
गौताळ्याकडं एकामागं एक पाच रांगा,
खाली कुणाच्या तरी खळ्यात मक्याचं मशीन चाललेलं,
त्याची धूळ मधल्या दोन रांगांच्या बुडाशी साचलेली.
दुसरा हात दिला, चिमूटभर गेरू घालून.
तिसऱ्यात हिरवा, पण लाजलेला.

डब्यातलं पाणी बोअरचं, जड.
दूध नासावं तसा निळा फाटला,
दाणे धरले त्यानं,
आणि कडेला पांढरी रेघ उमटली,
आमच्या हंड्यावर उमटते तशीच.
दुकानदारानं बजावलं होतं,
बॅटरीत घालतात ते पाणी वापरा.
पुसायला बोळा उचलला
आणि थांबलो.
डोंगरावर नेमकी तीच धूळ बसली होती
जी माझ्या हातून झाली नसती.

चौथा. मग पाचवा, जवळचा,
काळपट, दगडाधोंड्यांचा,
एका दमात ओढलेला.

शेळ्या घेऊन कौतिकाबाई येऊन उभी राहिली.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "आमचं घर न्हाई काढलं?"

खरंच की, उतारावर पत्रा चमकत होता.
पांढऱ्याची ट्यूब होती पेटीत, न उघडलेली.
पण पांढरा रंगाचा नसतो, कागदाचा असतो,
पहिल्या हाताआधीच राखून ठेवावा लागतो,
आणि माझे तर पाचही हात देऊन झालेले.

खिशातलं ब्लेड काढलं.
पाचवा, चौथा, तिसरा खरवडत गेलो
नखाएवढ्या जागेत,
कागद लागेपर्यंत.

ती वाकली. पदरानं डोळे पुसून पुन्हा बघितलं.
"हां. दार त्या अंगाला हाये," म्हणाली,
"पण असू द्या."