पंचेचाळीस अंश

गुरुवारी मला सभेत बोलावलं.
सळई घेऊन या म्हणाले, वाकवायचा दांडाही.
दहा मिलिमीटरची एक सळई पोत्यात गुंडाळून
मोटारसायकलला आडवी बांधली.
धक्क्याच्या खांबांवर पेलिकन बसले होते
गळ्याच्या पिशव्या सैल सोडून,
कुठल्याही ठरावाच्या बाजूने नसल्यासारखे.

सान एलोयची पालिका तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये भरायची.
सात सदस्य, एक पंखा,
आणि टांगायला भिंत नाही म्हणून
खुर्चीवर बसवलेली संताची तसबीर.

टेबलावर ते जाडं निळं पुस्तक.
बांधकामाचे नियम. राजधानीहून आलेले,
अकरा वर्षांपूर्वी.
ठराव झाला नव्हता, म्हणून गावाला लागू नव्हते.
लागू होते फक्त दाराला:
समुद्राचा वारा दार आपटायचा,
सचिवबाई नार्सिसा ते पुस्तक खाली सरकवून ठेवायच्या.
भूकंपाच्या संध्याकाळी चौकट वाकली
पण दार उघडंच राहिलं,
आतले नऊ जण बाहेर आले.
त्यामुळे या पुस्तकाने कुणाचा जीव वाचवला नाही
असं आम्हाला म्हणता येत नाही.

मोरेइरा उठला. तोही कधीकाळी होडीवरचा.
म्हणाला, किनाऱ्यावरची वाळू फुकट आहे,
नदीची ट्रकने येते.
गरिबाने काय हवेवर घर बांधायचं?
खोटं नव्हतं ते. दोघांनी मान डोलावली, मीही.

मग इंजिनिअर पोरगी, इपातिया, म्हणाली,
मायेस्त्रो विल्फ्रिदो, दाखवा.

मी टेबलाच्या कडेला दांडा लावला, ओढला,
काटकोनावर थांबलो.
इथवर सगळेच येतात, म्हणालो.
इथवर मी तीस वर्षं आलो.
ही रिंग खांबाच्या उभ्या सळयांना धरते.
धरते म्हणजे, हात लावून उभी राहते.
जमीन हलली, वरचं काँक्रीट गळून पडलं,
की हे टोक सरळ होतं. उघडतं.
मग आतलं सगळं बाहेर.

आणखी ओढलं. पंचेचाळीस अंश.
टोक आत वळलं, खांबाच्या पोटाकडे.

गळ आहे हा, मोरेइरा म्हणाला. मासेमारीचा.
हो.
वेळ किती लागतो?
चार सेकंद.
आणि लोखंड?
टोकामागे तुमच्या करंगळीएवढं.

पंखा फिरत राहिला.
तोमासाच्या घराबद्दल कुणी विचारलं नाही.
खालचा मजला मी बांधला होता, वरचाही मीच.
तिचा नवरा अजून मला पाव विकतो,
सुटे पैसे हातात न देता फळीवर ठेवतो.
चार सेकंद.
मी कधी त्या घरातल्या रिंगा मोजायला बसतो
आणि जिन्यापर्यंत येऊन थांबतो.

ठराव पाच विरुद्ध दोन मतांनी झाला.
मोरेइराने विरोधात हात वर केला,
आणि बाहेर येऊन ती वाकवलेली सळई मागून घेतली.
कशाला, ते मी विचारलं नाही.

आता ओतकामाआधी इपातिया येते, बॅटरी घेऊन.
पिंजऱ्यात हात घालते,
एकेका टोकावरून बोट फिरवते.
दोनदा तिने माझा खांब सोडवायला लावला आहे.
पोरं कुरकुरतात: ओतल्यावर कोण बघतंय?
मी म्हणतो, कुणीच नाही,
आणि पुढची रिंग दांड्याला लावतो.

पाववाल्याने भट्टीमागे नवी खोली काढली आहे.
दुसरा मिस्त्री लावला. बरोबरच केलं.
शनिवारी जाताना मी रस्त्याच्या पलीकडे थांबलो,
मोटारसायकल बंद न करता.
चार खांब, अजून नुसतं लोखंड,
मागे समुद्र दिसत होता त्यातून.
टोकं आत वळलेली होती.
इतक्या लांबूनही कळतं ते.

सोमवारी काँक्रीट ओतलं.