अलाझेयाच्या काठावर

तुयारा चिखलात गुडघाभर उभी,
कड्याच्या पोटात ड्रिल फिरवते.
हाती येतो बर्फ-मातीचा दंडगोल,
त्यात गवताची मुळं, अजून पिवळसर,
मॅमथ चरायचे तेव्हाची. चरायची राहिलेली.

वहीत लिहिते: खोली चार मीटर वीस,
बर्फ निम्म्याहून जास्त,
कार्बन प्रयोगशाळेत कळेल.
नकाशावर हा काठ तपकिरी रंगवायचा.

नाववाला उयबान ढेकूळ नाकाशी नेतो.
"गोठ्याचा वास," म्हणतो,
"आईच्या. हिवाळा सरतानाचा."
मग नदीच्या मध्यावर बोट दाखवतो:
"तिथं होता आमचा बुलूस,
गोठल्या जमिनीत खोदलेला, मासे ठेवायला.
सहा पायऱ्या उतरलं की उन्हाळा संपायचा."

आता तिथं पाणी.
पाण्यात बुडबुडे.

"मोजलंस तर थांबेल?"

ती कुपीचं झाकण घट्ट करत राहते.
कड्याचा एक लचका धप्पकन पडतो,
होडी हिंदकळते.

रात्री अकराच्या उन्हात तुयारा आकडा मांडते,
पुढे अधिक-उणे,
जवळजवळ आकड्याएवढंच मोठं.
आणि समासात, शिसपेन्सिलीनं,
कुठल्याच रकान्यात न बसणारं:
सहा पायऱ्या.