डाव्या पोटरीचं माप

मॅडम एवुसिवांच्या दुकानात
मापं वहीत लिहायची नाहीत, असा नियम.
"बाईचं अंग डोक्यात ठेवावं," त्या म्हणायच्या,
"वहीतलं कुणीही वाचतं."
मी तिसऱ्या वर्षाची शिकाऊ.
काजं, गुंड्या, अस्तर,
आणि दुपारची केंकी आणणं माझ्याकडे.

सेकोंडीच्या बंदराकडून वारा आला
की पडद्याला धुरावलेल्या मासळीचा वास.
त्या वासात आम्ही
दिवस गेलेल्या बायकांचे झगे शिवायचो,
बाजूला नाड्या,
महिन्यागणिक सैल करायच्या.

मॅडमचं पोट एकतीसवरून चौतीस,
चौतीसवरून साडेअडतीस.
गिऱ्हाइकं हसून विचारायची, "कितवा?"
त्या टाचण्या ओठांत धरायच्या.
तोंडात टाचण्या असल्या की उत्तर द्यावं लागत नाही,
हे मी तिथंच शिकले.

टेकडीवरच्या इस्पितळातला डॉक्टरही
आठवड्यांतच बोलला.
वीस आठवड्यांएवढं गर्भाशय.
आत कुणी नाही, गाठी आहेत.
एक नारळाएवढी, दोन लिंबांएवढ्या,
पुढच्या मोजणं त्यानं सोडून दिलं.
"फळबाजार भरलाय म्हणे आत,"
मॅडम परत येऊन म्हणाल्या,
आणि बराच वेळ एकच सुई ओवत राहिल्या.

महिन्याचे अकरा दिवस त्यांचा स्कर्ट काळा.
खुर्चीवर प्लास्टिक, त्यावर टॉवेल,
तो मी मागच्या नळावर धुवायचे, कुणी यायच्या आत.
एकदा एका नवरीच्या पांढऱ्या लेसला लागलं.
लेसचे पैसे त्यांनी स्वतः भरले
आणि ती गोष्ट आम्ही दोघींनी
परत कधी काढली नाही.

मग डावा पाय.
"पायडलचं दुखणं," म्हणाल्या.
चप्पल एकाच पायाला रुतायला लागली.
मी शियाचं लोणी घेऊन चोळायला बसले,
पोटरी गरम होती,
तव्यावरून नुकत्याच काढलेल्या भाकरीसारखी.
"थांब," त्या म्हणाल्या. "टेप आण."

उजवी साडेतेरा.
डावी पंधराला दोराभर कमी.
त्यांनी पुन्हा मोजलं. मीही मोजलं.
कापड खोटं बोलतं, गिऱ्हाईक खोटं बोलतं,
टेप बोलत नाही.
दुकानाला कुलूप लावायचंही राहिलं.

नारळाएवढी ती गाठ
पायाकडून येणाऱ्या शिरेवर रेलून बसली होती.
खालचं रक्त तुंबलं, साकळलं, गुठळी झाली.
वरचं रक्त थांबेना, खालचं हलेना,
आणि एकाचं औषध दुसऱ्याचं वैरी.
पोटात सकाळ-संध्याकाळ सुई द्यायची रक्त पातळ व्हायला,
ते पातळ झालं की चादर भिजायची,
चादर भिजली की डॉक्टर नर्सकडे बघायचा.
रक्तपेढीनं बदली रक्त मागितलं.
एक बाटली मॅडमच्या दिरानं दिली, एक मी.

गाठ बसली की सोडवायची,
नखानं, दातानं, सुईच्या टोकानं,
तीन वर्षं हेच तर शिकत होते.
त्या रात्री कॉटखाली चटईवर पडून
मी पहिल्यांदा मागितलं:
सुटू नकोस.
जिथं आहेस तिथंच बैस,
हळूहळू विरघळ,
पण सुटून वर छातीकडे जाऊ नकोस.

गेली नाही.
ऑपरेशन मात्र पुढं ढकललं, मग आणखी पुढं.
मॅडम परत आल्या, कंबर अजून साडेअडतीस,
पायात जाड मोजा,
आणि शेजाऱ्याकडून उसनं आणलेलं विजेचं मशीन,
जे त्यांना अजिबात आवडायचं नाही.

आता छाती, कंबर, घेर घेऊन झाला
की त्या खाली वाकतात.
दोन्ही पोटऱ्या.
"झग्याला पोटरी कशाला लागते?" बायका हसतात.
मॅडम तोंडातल्या टाचण्या काढून ठेवतात
आणि सांगायला लागतात,
सगळं, टॉवेलासकट.

पहिल्या दिवशी त्यांनी मला शाळकरी वही आणायला लावली.
"लिही," म्हणाल्या.
कुणाचं आधी, मी विचारलं.
त्यांनी मोजा खाली सारला.