तुरळक ठिकाणी

पहाटे पाचला भोकरे फुगा सोडतात.
सुटताना तो कडुनिंबाला घासतो,
भोकरे दरवेळी "अरे, अरे" म्हणतात,
जसं काही तो ऐकणार आहे.

सातपर्यंत आलेख माझ्या टेबलावर.
खाली दीड किलोमीटर ओल, दमट, चिकट,
तिच्यावर कोरड्या हवेचा थर
कुकरच्या झाकणासारखा गच्च बसलेला.
दुपारच्या उन्हाने झाकण उचललं, तर.
एकवीस वर्षं झाली,
माझी सगळी नोकरी या "तर"मध्ये गेली.

मी लिहिते:
पुणे जिल्ह्यात तुरळक ठिकाणी
मेघगर्जनेसह गारपिटीची शक्यता.
सही. तारीख. एप्रिलची सतरा.

अकराला फोन. हडपसरच्या एका लॉन्सवरून,
मॅनेजर फडतरे.
"मॅडम, तुरळक म्हणजे आम्ही का?"
सहा पस्तीसचा मुहूर्त, आठशे पानं,
मांडवाला फक्त कापड.
मी म्हटलं, तसं सांगता येत नाही.
"मग येतं काय?" ते म्हणाले. रागाने नाही,
हिशोब विचारावा तसं.

साडेतीनला सासवडकडे एक ठिपका.
पावणेचारला तो लाल.
चारला त्याच्या पोटात जांभळं,
माथा चौदा किलोमीटरवर,
आणि खिडकीबाहेर शिवाजीनगरात
रसवंतीवाला घुंगरं वाजवत उसाचं पाचवं कांडं घालतोय,
आकाश निळं, अगदी नालायक निळं.

इशारा पाठवला. पुढचे तीन तास.
मग नियमात नसलेला एक फोन:
"फडतरे, पंगत पत्र्याखाली घ्या."

संध्याकाळी हडपसरला धूळ उडाली,
चार थेंब पडले, तेही मोठे, वेगवेगळे.
रात्री फडतरेंचा आवाज:
"काहीच झालं नाही, मॅडम.
नवरीचे फोटो सगळे पत्र्याखाली आले."
मी सॉरी म्हटलं. म्हणायला नको होतं बहुतेक.

सकाळी भोकरे आइस्क्रीमचा डबा घेऊन आले.
भाच्याने वडकीहून आणला, फ्रीजरमध्ये ठेवून, गोणपाटात गुंडाळून.
आत तीन गारा. मोठी लिंबाएवढी.
वडकीत बारा मिनिटं.
टेम्पोच्या काचा, शाळेचे पत्रे,
एका म्हातारीचा हात,
पाण्याची टाकी झाकायला गेली होती.

वडकीहून काल कुणाचाच फोन नव्हता.

मी गार सुरीने मधोमध कापली.
आत वलयं, पांढरं, काचेसारखं, पुन्हा पांढरं.
आम्हाला शिकवायचे: जितकी वलयं,
तितक्या ढगातल्या वर-खाली फेऱ्या.
आता तसं कोणी मानत नाही.
तरी मी मोजली. चार.

नोंदवहीत व्यास लिहिला, एकतीस मिलिमीटर,
ठिकाण लिहिलं. आज त्याला नाव होतं.
तेवढ्यात गारेचं पाणी कालच्या सहीवर गेलं.
भोकरे दारात उभे.
"डबा धुऊन द्या मॅडम," म्हणाले, "बहिणीचा आहे.
आणि उद्याचा फुगा
जरा झाडापासून लांब सोडू."