तुम्म

कार्दलाच्या नोंदणी कार्यालयात
खिडकीपलीकडची बाई विचारते,
लग्नानंतर आडनाव कोणतं?
शेजारी राइगो. राइगो ताम्म.
ताम्म म्हणजे ओक.
आमच्या देशात दगड भिरकावला
तर ताम्मला लागतो, नाहीतर त्याच्या मेहुण्याला.
मी तुम्म.
तुम्म म्हणजे मुका.

बाई पडद्याकडे बघत वाचते :
या आडनावाच्या व्यक्ती पाचाहून कमी,
गोपनीयतेसाठी नेमका आकडा सांगता येत नाही.
मला हसू फुटतं.
आमची शिरगणतीसुद्धा तोंड उघडत नाही.

नाव आलं ते असं, आर्मिल्दे आत्या सांगायची.
वेठ संपल्यानंतरचा कुठलासा हिवाळा,
धान्याच्या कोठारात जमीनदाराचा जर्मन कारकून
मांडीवर वही घेऊन बसलेला.
तोवर माणसांना आडनावं नव्हती.
रांगेत एकेकाला एकेक शब्द मिळत होता,
लांडगा, लोहार, टेकडी, लव्हाळं.
दुपारपर्यंत कारकुनाकडचे शब्द संपत आले
आणि समोर आला प्रीडिक,
तोंडात उकडलेले वाटाणे, चुलीवरून नुकतेच उतरवलेले.
नाव काय लावू? गप्प.
बाप काय करायचा? गप्प.
थुंकावं तर साहेबाचा अपमान,
गिळावं तर घसा भाजणार.
मुका, असं लिहून कारकुनाने टाक झटकला.
लोक मूग गिळून गप्प बसतात.
आमच्या मूळपुरुषाला
वाटाणे गिळता आले नाहीत, एवढंच.

आजोबांना हे मुळीच पटायचं नाही.
ते तार्तूला जाऊन ती वही बघून आले होते.
म्हणायचे, त्याला लिहायचं होतं ताम्मच.
आमच्या लिपीतला उ वाटीसारखा, वरून उघडा,
झाकण घातलं की त्याचा अ होतो.
थंडीत शाई आळली, झाकण राहून गेलं.
तेवढ्या फटीतून आम्ही ओकांचे मुके झालो.

मी लहानपणी वहीभर तो उ काढत बसायचे.
मुक्याचं अक्षर,
आणि त्याचंच तोंड उघडं.

मधे नावं बदलायची टूम निघाली होती.
छापील यादी यायची घरोघर, सुंदर सुंदर शब्दांची.
पणजी लेएनी म्हणाली,
परत करायला ते काय उसनं पातेलं आहे?
आणि यादीत मासे गुंडाळले.
पुढे एका मार्चमध्ये दाराशी ट्रक उभा राहिला.
जंगलातल्या पोरांना भाकरी कोण पोचवतं,
असं तिला तीन रात्री विचारलं.
ती आडनावाला जागली.
परत आली तेव्हा तिला दात नव्हते.
याविषयी आमच्यात एवढंच बोललं जातं.

बाकीचे कुठे गेले विचाराल तर
एक काका होडीतून स्वीडनला,
तिथे त्याने एक म टाकून दिला, ओझं नको म्हणून.
मुली लग्नं करून ओक झाल्या, बेट झाल्या.
आर्मिल्दे आत्या राहिली, बिनलग्नाची,
टेलिफोन एक्स्चेंजवर एकतीस वर्षं.
रोज सकाळी पहिल्या कॉलला म्हणायची,
तुम्म बोलतेय.
अख्खं बेट हसायचं आणि नंबर मागायचं.
आता ती वृद्धाश्रमात आहे. ती, माझा भाऊ आणि मी.
आकडा मीच सांगून टाकला.

काय लिहू मग, बाई विचारते. मागे रांग आहे.
माझ्या तोंडात काही नाही, तरी शब्द निघत नाही.
तेवढ्यात राइगो पुढे वाकतो.
म्हणतो, मला कुणी विचारलंच नाही.
मला तीन भाऊ आहेत, ओकांचं काही अडत नाही.
बाई चष्म्यावरून बघते. दोघांचं तुम्म?
हो, तो म्हणतो,
आणि अर्जावर ती हाताने लिहायला लागते
तेव्हा बोटाने दाखवतो,
इथे, या अक्षराला
वरून उघडं राहू द्या.