सायलेन्सर

रविवारी सकाळी साडेसहाला
बोळात दोन जॅक, चार सिमेंटच्या विटा, आईची जुनी सतरंजी,
आणि सतरंजीवर मी, उताणी,
नाकाच्या वीतभर वर गाडीचं पोट.

लाल, दोन दारांची, चौदा वर्षं पळालेली,
पुण्याच्या कुणा डॉक्टरनं कंटाळून विकलेली.
तिच्यासाठी मी लग्नाची एफडी मोडली
हे राजारामपुरीत आमच्या गल्लीला ठाऊक आहे.
फक्त आण्णांना अजून ऐकू गेलेलं नाही.
किंवा गेलंय.

नवा पाइप उद्यमनगरातला.
हाशम मुजावरनं तीन संध्याकाळी खपून
स्टेनलेसचे तुकडे वाकवले, जोडले,
सांध्यासांध्यावर वेल्डिंगची खवलं,
आधी निळी, कडेला सोनेरी, माशाच्या पाठीसारखी.
"कंपनीच्या पाइपात गाडी घसा दाबून बोलत्या," म्हणाला,
"ह्यातनं मोकळी बोलंल. पर पोलिसांचं तुझं तू बघ."

जुने बोल्ट चार.
दोन निघाले. तिसरा शिव्या खाऊन निघाला.
चौथा गंजून नटाशी संसार मांडून बसलेला.
रात्रभर तेल पाजलं होतं त्याला.
पान्यात पाइप घालून जोर लावला,
पाना सटकला, बोटाची सालपटं,
"मेलो!" म्हणून ओरडलो.
आमच्याकडं मुलीसुद्धा मेलोच म्हणतात,
आलो, गेलो, जेवलो;
व्याकरण बघायला गाडीखाली जागा नसते.

आण्णा बाहेर आले.
ओरडणं ऐकून नव्हे, सतरंजीबाहेर झाडलेले पाय बघून.

एकतीस वर्षं शिरोलीच्या फाउंड्रीत, फेटलिंगला.
निवलेल्या कास्टिंगची धार ग्राइंडरनं काढायची,
दिवसाला दोनशे नग,
कानात कापसाचा बोळा, तोही घरून नेलेला.
डावा कान आधी गेला,
उजवा निरोपाच्या हाराच्या आसपास.
मशीन घेऊन दिलंय. खणात, डबीत असतं.
त्यातून सगळी माणसं पत्र्याच्या डब्यात बसून बोलतात म्हणे.

लेंगा वर खोचून वाकले,
ताप बघावा तसा बोल्ट चाचपला,
छिन्नी मागितली.
नटाच्या कडेवर तिरकी धरून तीन ठोके.
तिसऱ्याला तो मुकाट फिरला.
"कसं कळलं?" मी विचारलं.
पण मी त्यांच्या डाव्या बाजूला होतो.

मग हँगरचे रबर साबणाच्या पाण्यात बुडवून चढवले,
गॅस्केट दोनदा उलटं बसलं, एकदा सुलटं,
सेन्सरची वायर कुठल्या खाचेतून आली होती
ते आठवण्यात अर्धा तास गेला.
दहाला चावी फिरवली.

आधी धूर, पांढरा,
पाइपावरच्या तेलाचा आणि आमच्या बोटांच्या ठशांचा.
मग आवाज!
समोरच्या गॅलरीतली कबुतरं उठली,
ब्रश तोंडातच धरून एक पोरगं बाहेर पळालं,
पाटगावकर काकू वाकून म्हणाल्या, "सायलेन्सर फाटला काय गं?"
नवा सायलेन्सर बसवल्यामुळं आवाज वाढलाय
हे त्यांना समजावणं मला जमलं नाही.

आण्णा मागं उकिडवे बसले होते.
तळहात पाइपापासून चार बोटं लांब धरून
पुढून मागं नेत होते, सावकाश,
झोपलेल्या पोराच्या नाकापुढं धरावा तसा.
मधल्या जोडापाशी थांबले.
"हितं फुंकतंय."

मी कान लावला. काहीच नाही.
एवढ्या गदारोळात सुईएवढी फट कुणाला ऐकू येणार?
गाडी बंद केली, बोल्ट अर्धा आटा आवळला, पुन्हा चालू.
त्यांनी हात धरला. मान हलवली.
मग उठले आणि डिकीवर दोन्ही तळवे टेकून उभे राहिले.

"लई मोठा हाय काय आवाज?"
त्यांनी विचारलं, गल्लीला ऐकू जाईल असं.
मी उत्तर दिलं नाही, ॲक्सिलरेटर दाबला.
तीन हजारांवर आण्णा हसले.
चार हजारांवर काकूंनी खिडकी लावली.

जुना पाइप अजून बोळात पडून आहे.
भंगारवाला दोनदा विचारून गेला.
आण्णा देऊ देत नाहीत.
त्याच्या तोंडाशी बिडाची फ्लँज आहे, तिच्यावरून अंगठा फिरवतात,
म्हणतात, कुणीतरी धार नीट काढलीया.